क्वांटम मेनी-बॉडी सिद्धांतात पोस्टडॉकची जागा कशी शोधावी

पीएचडीचं चौथं वर्ष सरत आलं की घरून फोनवर एकच विचारणा सुरू होते, "मग नोकरी कधी?" आपण "आता पोस्टडॉक करणार" म्हणतो आणि पलीकडे शांतता पसरते. आणखी एक पदवी? अजून किती शिकणार? म्हणून घरच्यांना सांगायचं ते आधी सांगतो. पोस्टडॉक ही नोकरी आहे. पगार असतो, मुदत असते, बहुधा दोन ते तीन वर्षांची, आणि काम एकच, संशोधन.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे ज्यांचा विषय सैद्धांतिक क्वांटम मेनी-बॉडी भौतिकी, म्हणजे असंख्य क्वांटम कण एकमेकांशी गुंतले की काय घडतं, हा आहे आणि जे भारतातून पहिल्यांदाच अर्ज करणार आहेत. मी स्वतः एक पोस्टडॉक भारतात आणि एक जर्मनीत केला. नंतर काही वर्षं निवडीच्या बाजूला बसून अर्जही वाचले. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली. पीएचडीत प्रश्न बहुतेक वेळा गाईड देतात. पोस्टडॉकच्या अर्जात आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारतं, "तुमचा प्रश्न कोणता?" ईमेल असो, रिसर्च स्टेटमेंट असो की मुलाखत, रूप बदलून हाच प्रश्न येतो. ज्याच्याकडे त्याचं उत्तर असतं त्याचा अर्ज उठून दिसतो, मग पेपर तीन असोत की आठ.

पायरी १: आपलं एक पान लिहून काढा

अर्ज, जाहिराती, ईमेल हे सगळं बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या.

आपल्या विषयाची अडचण सगळ्यांना माहीत आहे. स्पिन म्हणजे कणाचं इवलंसं चुंबक, आणि एका स्पिनच्या दोन अवस्था. ५० स्पिन घेतले की २ चा ५० वा घात, म्हणजे सव्वाअकरा कोटी कोटी आकडे. प्रत्येक आकड्याला १६ बाइट धरले तर एकच अवस्था साठवायला सुमारे १८ पेटाबाइट लागतात. या भिंतीपाशी आपण सगळेच उभे आहोत, फक्त जो तो वेगळ्या वाटेने पलीकडे जायला बघतो. कुणी सममिती वापरून मॅट्रिक्समधल्या मोजक्या अवस्था अचूक काढतं आणि चाळीसच्या आसपासच्या स्पिनांपर्यंत पोचतं. कुणी १९९२ मध्ये स्टीव्हन व्हाइट यांनी मांडलेली डीएमआरजी ही साखळ्यांसाठीची संगणकी पद्धत आणि तिच्यातून वाढलेली टेन्सर नेटवर्क वापरतं. कुणी क्वांटम माँटे कार्लो करतं आणि साइन प्रॉब्लेमशी, म्हणजे अधिक-उणे चिन्हांच्या बेरजेत उत्तर बुडण्याशी, झुंजतं. कुणी १९३१ पासून चालत आलेल्या बेथे अन्सात्झच्या वंशातले, अचूक सुटणारे नमुने शोधतं. कुणी फील्ड थिअरी करतं. आणि आता प्रयोगवाले हीच भिंत प्रत्यक्ष अणूंनी ओलांडतात. २०१७ मध्ये हार्वर्डमध्ये ५१ रिडबर्ग अणूंच्या (खूप उत्तेजित केलेल्या अणूंच्या) साखळीत कुणाच्या ध्यानीमनी नसलेली आंदोलनं दिसली आणि त्यातून 'मेनी-बॉडी स्कार', म्हणजे समतोलाला जाणं टाळणाऱ्या मोजक्या अवस्था, हा अख्खा उपविषय उभा राहिला.

तुमच्या पानावर तीनच गोष्टी हव्यात. मला कोणता प्रश्न सोडवायचा आहे. माझ्या हातात कोणती वाट आहे. आणि माझ्या वाटेने असं काय करता येतं जे समोरच्या गटाला आज करता येत नाही. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जड जाते. मला तिला दोन महिने लागले. ती सुचेपर्यंत एकही अर्ज पाठवू नका, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

या पानाचा दुसराही उपयोग आहे. जाहिरातींमध्ये आपल्या विषयाला एकच नाव नसतं. तेच काम कुठे 'स्ट्राँगली कोरिलेटेड सिस्टिम्स' म्हणून येतं, कुठे 'क्वांटम मॅटर', कुठे 'नॉन-इक्विलिब्रियम डायनॅमिक्स', तर कुठे 'क्वांटम इन्फर्मेशन' किंवा 'क्वांटम सिम्युलेशन' म्हणून. पान समोर असलं की नावाखाली दडलेलं आपलं काम ओळखता येतं.

पायरी २: उलटं मोजा

रुजू होण्याचा महिना बहुधा सप्टेंबर किंवा ऑक्टोबर. त्यासाठीच्या बऱ्याच जाहिराती आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये निघतात, मुलाखती साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात आणि निवडीची पत्रं डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत येत राहतात. म्हणजे ज्या दिवशी रुजू व्हायचं त्याच्या किमान एक वर्ष आधी कागद तयार हवेत, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याशी बोलणं त्याच्याही आधी झालेलं हवं. ईआरसी, म्हणजे युरोपियन रिसर्च कौन्सिल, हिच्यासारख्यांच्या ग्रँटमधून निघणाऱ्या जागा मात्र वर्षभर कधीही येतात.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच असते. थीसिस जमा केल्यापासून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होईपर्यंत किती महिने जातील हे कुणीच सांगू शकत नाही. परीक्षकांचे अहवाल वेळेवर आले नाहीत म्हणून हातातली जागा पुढे ढकलावी लागलेली मुलं मी पाहिली आहेत. माझंही असंच झालं. अहवाल एका टेबलावर तीन महिने पडून होता आणि मी मात्र दर आठवड्याला जर्मनीला "पुढच्या आठवड्यात नक्की" असं कळवत होतो. तेव्हा परीक्षा विभागात स्वतः जा, अंदाजे तारखा लेखी मागा आणि तात्पुरतं प्रमाणपत्र किती दिवसांत मिळतं ते आजच विचारून ठेवा. यजमान संस्थेला उशीर आधी कळवला तर त्या बहुतेक वेळा थांबतात. ऐनवेळी कळवलं तर त्यांच्याही हातात काही उरत नाही.

पायरी ३: कुठे शोधायचं

आर्काइव्ह रोज सकाळी वाचता ना? ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेली, छापण्याआधीच पेपर सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवण्याची ही सोय आपल्या विषयाचं वर्तमानपत्रच आहे. नवी यादी आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला येते, अमेरिकेतलं घड्याळ हिवाळ्यात मागे गेलं की साडेसहाला. कंडेन्स्ड मॅटरमधले स्ट्राँगली कोरिलेटेड, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि क्वांटम गॅस हे विभाग वाचा, आणि क्वांटम फिजिक्सही. बहुतेक जण शीर्षक आणि सारांश वाचून थांबतात. मी म्हणेन, शेवटची आभाराची ओळही वाचा. पैसा कुठल्या ग्रँटचा आहे, लेखकांपैकी कोण नुकतं कुठे रुजू झालं, कुणाशी चर्चा झाली, हे सगळं तिथे असतं. युरोपात ईआरसीचं स्टार्टिंग ग्रँट पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत असतं आणि त्यात पोस्टडॉकचा पगार धरलेला असतो. त्याचे निकाल जाहीर झाले की यादी उघडून आपल्या विषयातली नावं टिपून ठेवा. पुढच्या काही महिन्यांत त्यांना माणसं हवी असतात, आणि जाहिरात निघण्याआधी केलेला ईमेल तिथे खरोखर वाचला जातो.

जाहिरातींसाठी अकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइन, युरोपसाठी युराक्सेस आणि ब्रिटनसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके पाहायचं. याशिवाय प्रत्येक संस्थेचं स्वतःचं पान असतंच.

संस्थांमध्ये एक फरक लक्षात ठेवा. काही ठिकाणी तुम्हाला एका प्राध्यापकाच्या ग्रँटवर घेतात, म्हणजे त्या ग्रँटचा विषय तोच तुमचा विषय. काही ठिकाणी संस्थाच घेते आणि कुणाबरोबर काम करायचं ते तुमच्यावर सोपवते. ड्रेस्डेनची माक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर द फिजिक्स ऑफ कॉम्प्लेक्स सिस्टिम्स, कॅनडातल्या वॉटर्लूची पेरिमीटर आणि न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्नमधलं क्वांटम फिजिक्सचं केंद्र यांसारख्या ठिकाणी बऱ्याच जागा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. तिथे मोकळीक मोठी, पण कुणी बोट धरून नेत नाही. ज्यांचं पहिल्या पायरीतलं पान पक्कं आहे त्यांनी अशी जागा जरूर मागावी. ज्यांना नवी पद्धत शिकायची आहे, समजा फील्ड थिअरीतून टेन्सर नेटवर्ककडे वळायचं आहे, त्यांना एका चांगल्या गटात राहणं जास्त मानवतं.

देशातल्या जागांना दुय्यम समजू नका. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि तिचंच बंगळुरूमधलं आयसीटीएस, आयआयएससी, चेन्नईची मॅथसायन्स, प्रयागराजची हरीश-चंद्र, पुण्याची आयसर, आयआयटी मुंबई, या सगळीकडे आपल्या विषयावर मन लावून काम चालतं. १९६९ मध्ये चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी मुंबईत, टीआयएफआरमध्ये बसून जो साधासा स्पिन साखळीचा नमुना सोडवला तो आज जगभर अभ्यासक्रमात शिकवला जातो. भारतात दोन वर्षं राहून मग बाहेर जाणारे, किंवा इथेच राहणारे, कितीतरी उत्तम संशोधक मला माहीत आहेत.

आणि माणसं भेटतात ती कार्यशाळांमध्ये. आयसीटीएसचे कार्यक्रम, १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी उभारलेल्या इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकीच्या केंद्रातल्या शाळा, ड्रेस्डेनमधली सेमिनार, यांसाठी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापासूनच अर्ज करा. आयसीटीपी तर आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्चाचीही मदत करते. पोस्टरपाशी झालेलं दहा मिनिटांचं बोलणं वर्षभराने ईमेल उघडायला लावतं.

पायरी ४: ईमेल

इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दहा ओळी कौतुकाच्या आणि शेवटी दबक्या आवाजात एक "इफ पॉसिबल", असे ईमेल रोज येतात आणि तसेच राहून जातात. काय हवं ते स्पष्ट सांगा.

'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करू नका. समोरची व्यक्ती बाई असू शकते, आणि तो मजकूर शंभर जणांना एकदम पाठवल्यासारखा दिसतो. 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव, बस. त्यांनी उत्तरात नुसतं पहिलं नाव लिहून सही केली तर पुढच्या ईमेलात तुम्हीही पहिल्या नावाने हाक मारू शकता. युरोपात ते उद्धटपणाचं मानत नाहीत. मला पहिल्यांदा ते लिहिताना हात थबकला होता, आठवड्याभरात सवय झाली.

मजकूर चार भागांत बसतो. ईमेल इंग्रजीत जाईल, पण आशय मराठीत असा: "तुमच्या गटाच्या गेल्या वर्षीच्या पेपरमध्ये रिडबर्ग साखळीतली आंदोलनं त्रुटी मिसळल्यावर किती काळ टिकतात हा प्रश्न उघडा ठेवला आहे. मी पीएचडीत टेन्सर नेटवर्कने लांब साखळ्यांची कालगती काढली आहे. दोन पेपर सोबत जोडले आहेत. तीच पद्धत इथे लावली तर तुमच्या लांबीच्या दुप्पट साखळीवर हा प्रश्न तपासता येईल असं मला वाटतं. येत्या ऑक्टोबरपासून मी पोस्टडॉकसाठी उपलब्ध आहे. तुमच्याकडे जागा निघणार आहे का, किंवा फेलोशिपच्या अर्जाला यजमान व्हायला तुम्ही तयार आहात का?" इतकंच. सोबत सीव्ही आणि एक पानाचा आराखडा, दोन्ही पीडीएफमध्ये.

असा एक ईमेल लिहायला दोन दिवस जातात, कारण पेपर खरोखर वाचावा लागतो. म्हणून पन्नास ठिकाणी पाठवायच्या नादाला लागू नका, आठ-दहा पुरेत. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, नंतर सोडून द्या. उत्तर न येण्याचा अर्थ बहुतेक वेळा "आत्ता पैसे नाहीत" एवढाच असतो.

पायरी ५: कागद

सीव्ही दोन पानी पुरे. पेपरांची यादी वेगळी, आणि प्रत्येक महत्त्वाच्या पेपरखाली एका वाक्यात तुमचा वाटा. पाच लेखकांचा पेपर असेल तर कोड कुणी लिहिला आणि कल्पना कुणाची, हे निवड करणाऱ्याला कळत नाही, आणि तो तेच शोधत असतो.

रिसर्च स्टेटमेंटवर मात्र मन लावून बसा. दोन ते तीन पानं. मी वाचलेल्या बहुतांश स्टेटमेंटची सुरुवात "क्वांटम मेनी-बॉडी प्रणाली आधुनिक भौतिकशास्त्रात अत्यंत महत्त्वाच्या आहेत" अशी असते. वाचणाऱ्याला हे माहीत आहे, त्याचं आयुष्य त्यात गेलं आहे. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात प्रश्न ठेवा: "बंद प्रणाली कधीकधी औष्णिक समतोलाला पोचत नाही, ती अडून बसते ते कायमचं की फक्त आपल्या संगणकाच्या आवाक्यापुरतं, हे मला ठरवायचं आहे." हे वाचल्यावर समोरचा माणूस सरळ होऊन बसतो. आता त्याला तुमच्याशी वाद घालावासा वाटतो, आणि मुलाखतीला बोलावण्याचं याहून चांगलं कारण नाही.

पुढे अर्धं पान आजवर काय केलं त्यावर. नंतरच्या जागेत दोन किंवा तीन प्रकल्प, पण सगळे त्याच प्रश्नाच्या पोटातले. एक असा जो सहा महिन्यांत नक्की होईल, त्याची पहिली आकडेमोड तुम्ही करून ठेवलेली असली तर उत्तमच. एक मध्यम. एक असा जो कदाचित फसेल, पण जमला तर मोठा. फसण्याची शक्यता मोकळेपणाने लिहा आणि फसला तर त्यातून काय हाती लागेल तेही लिहा. यजमान गटाशी दुवा कुठे जुळतो हे शेवटच्या परिच्छेदात नावानिशी सांगा. दर ठिकाणी हा परिच्छेद नव्याने लिहावा लागतो. आधीच्या संस्थेचं नाव तसंच राहिलेलं स्टेटमेंट माझ्यापर्यंत दोनदा आलं आहे, आणि दोन्ही वेळा अर्जदार एरवी चांगले होते.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. पहिलं गाईडचं, ते ठरलेलंच. दुसरं सहलेखकाचं. तिसरं शक्यतो तुमच्या संस्थेबाहेरच्या माणसाचं, ज्याने तुमचं काम पाहिलं आहे, कार्यशाळेत तुमच्याशी भांडला आहे. नुसतं मोठं नाव घेऊ नका. "हा विद्यार्थी माझ्या वर्गात होता, हुशार आहे" असं दोन ओळींचं पत्र नोबेल मिळवलेल्या व्यक्तीचं असलं तरी उपयोगाचं नाही. पत्रं लिहिणाऱ्यांना किमान चार आठवडे आधी सांगा आणि सगळ्या जागा, तारखा, दुवे यांचा एकच तक्ता त्यांच्या हाती द्या. अकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइनवर पत्र थेट त्यांच्याकडून चढतं, तेव्हा मुदतीच्या तीन दिवस आधी ते चढलं आहे का बघा. नसेल तर संकोच न करता फोन करा. आपल्याकडे सरांना आठवण करून द्यायला मुलं घाबरतात आणि त्यात अर्ज अपुरे राहतात. सर रागावत नाहीत, ते विसरलेले असतात.

संगणकावरचं काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. तुमचा कोड दुसऱ्याला चालवता येईल अशा स्थितीत गिटहबवर ठेवा. टेनपाय, आयटेन्सर, क्वस्पिन या तयार सॉफ्टवेअरपैकी काही वापरत असाल तर तसं लिहा, पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर जॉब चालवले असतील तर तेही. आणि कोडसोबत तपासणी ठेवा. मजुमदार-घोष नमुना यासाठी सोन्यासारखा आहे. शेजारच्या स्पिनांमधली जोडणी J, त्यापलीकडच्यांमधली J भागिले दोन. साखळीचं वर्तुळ केलं आणि स्पिन सम संख्येने घेतले की मूळ अवस्थेची ऊर्जा दर स्पिनमागे बरोबर उणे ३/८ J, कुठल्याही लांबीला. J = १ धरून तुमच्या कोडने −०.३७५ दिलं नाही तर चूक कोडमध्येच आहे. पुढच्या शेजाऱ्यांमधली जोडणी काढून टाकली तर खूप लांब साखळीत आकडा −०.४४३१ कडे जायला हवा, तो बेथेच्या उत्तरातून येतो. या दोन ओळी रीडमीमध्ये दिसल्या की वाचणाऱ्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

पायरी ६: मुलाखत आणि व्याख्यान

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते, अर्धा तास धरा. आधी तुम्ही दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. काही ठिकाणी पूर्ण सेमिनार द्यावा लागतो. पंधरा मिनिटांत एकच निष्कर्ष मांडता येतो. तीन पेपर कोंबायला जाऊ नका.

विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात असं म्हटलं तरी चालेल. पहिला: "साखळी अनंत लांब केली तर हे टिकेल का?" आपल्या विषयातली निम्मी भांडणं याच प्रश्नावर आहेत. मेनी-बॉडी लोकलायझेशनचं, म्हणजे विस्कळीतपणामुळे प्रणाली समतोलाला न जाता अडून बसण्याचं, २००६ मध्ये मांडलेलं चित्र मोठ्या आकारात खरोखर टिकतं का यावर अजूनही वाद झडतात. तेव्हा "माझ्याकडे २४ स्पिनांपर्यंतचे आकडे आहेत, कल असा आहे, पण त्यापुढे मी खात्री देणार नाही" हे उत्तर पूर्ण गुण मिळवतं. दुसरा: "२४ वरच का थांबलात?" तेव्हा हिशोब तोंडावर असू द्या. २ चा २४ वा घात म्हणजे १,६७,७७,२१६ अवस्था, स्पिनचा एकूण झेड-घटक शून्य असलेल्या विभागात त्यातल्या २७,०४,१५६ उरतात, सरकवण्याची सममिती घेतली की अजून कमी. मला सगळे आयगनव्हेक्टर (मॅट्रिक्सची उत्तरं) हवे होते की थोडेच, त्यावर मर्यादा ठरली. असं बोलणारा माणूस आपली हत्यारं ओळखतो हे लगेच कळतं. तिसरा: "इथे आलात तर पहिल्या महिन्यात काय कराल?" याचं उत्तर पहिल्या पायरीतल्या पानावर आहे.

उत्तर येत नसेल तर थांबा, "मी असा विचार करीन" म्हणून मोठ्याने विचार करा. पोस्टडॉक निवडताना मी स्वतःला एकच विचारतो: या व्यक्तीबरोबर फळ्यापाशी दोन तास उभं राहायला मला आवडेल का? पाठ केलेलं उत्तर त्या दोन तासांबद्दल काहीच सांगत नाही.

तुम्हीही प्रश्न विचारा. गटातल्या आधीच्या पोस्टडॉकना पुढे काय मिळालं, स्वतःच्या प्रश्नावर किती वेळ घालवता येईल. आणि त्या गटातल्या सध्याच्या एखाद्या पोस्टडॉकशी वेगळं बोला. प्राध्यापक विद्यार्थ्यांशी कसे वागतात हे तिथेच कळतं, आणि परदेशात एकटं राहताना ही गोष्ट पगारापेक्षा मोठी ठरते.

पायरी ७: स्वतःची फेलोशिप

प्रश्न खरोखर तुमचा असेल तर पैसाही स्वतःच्या नावावर आणता येतो. जर्मनीसाठी हुम्बोल्ट फेलोशिप: पीएचडी होऊन चार वर्षांच्या आत, ६ ते २४ महिने, अर्ज वर्षभरात केव्हाही, पण यजमान आधी ठरलेला हवा. युरोपभरासाठी मेरी क्युरी: अर्ज सप्टेंबरच्या सुमारास, आणि एक अट नीट वाचा, मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात तुम्ही १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जर्मनीत आधीच दीड वर्ष काढलेल्याला जर्मनीसाठी ती मिळत नाही, इथून थेट जाणाऱ्याला मिळते. भारतात राहायचं तर एएनआरएफ या सरकारी संशोधन निधी संस्थेची, पूर्वी एसईआरबीची असलेली, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, दोन वर्षांची, वयाची साधारण अट ३५. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

पायरी ८: पत्र हातात आल्यावर

उच्च-ऊर्जा सिद्धांतवाल्यांमध्ये उत्तर देण्याची एक सामाईक तारीख पाळली जाते. आपल्याकडे तशी नाही. पहिलं पत्र एका आठवड्याच्या मुदतीने येऊ शकतं आणि तुमच्या आवडीच्या जागेचा निकाल महिनाभर लांब असू शकतो. अशा वेळी पहिल्या ठिकाणी मुदत वाढवून मागा आणि दुसऱ्या ठिकाणी लिहा, "मला एक पत्र आलं आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तुमचं कुठवर आलं?" दोन्ही प्रामाणिक आहेत आणि दोन्हीकडे याची सवय असते. एकदा हो म्हटलं की मात्र शब्द मोडू नका. हे जग लहान आहे.

जर्मनीत विचारायचा पहिला प्रश्न: करार की स्टायपेंड? करार असेल तर बहुधा सरकारी वेतनश्रेणी ई-१३, आरोग्यविमा आणि पेन्शन त्यातच, वर्षाला ३० दिवस रजा. स्टायपेंड हातात जास्त वाटतं, पण विमा स्वतः काढावा लागतो आणि पेन्शन जमा होत नाही. मूल होण्याचा विचार असेल तर हा फरक फार मोठा आहे. तिथे रुजू झाल्यावर नवा पत्ता दोन आठवड्यांत नोंदवायचा असतो, त्याशिवाय बरीचशी पुढची कामं अडतात. व्हिसासाठी संस्थेकडून यजमानपदाचा करार लवकर मागून घ्या आणि मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाची वेळ मिळायला लागणारे आठवडे धरून ठेवा. संशोधकाच्या व्हिसावर जाणाऱ्याच्या जोडीदाराला एरवी लागणारी जर्मन भाषेची ए-१ (प्राथमिक पातळीची) अट लागत नाही. विवाह नोंदणीचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा. आपल्याकडे लग्न झालेलं असतं, नोंदणी राहिलेली असते.

अमेरिकेत पोस्टडॉक बहुधा जे-१ व्हिसावर जातात, संशोधकासाठी जास्तीत जास्त पाच वर्षं. दोन वर्षं मायदेशी परतण्याची जी अट पूर्वी कौशल्ययादीमुळे, म्हणजे मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या अमेरिकी यादीमुळे, भारतीयांना लागत असे, ती यादी डिसेंबर २०२४ मध्ये बदलली आणि भारत तिच्यातून निघाला. पण तुमचा पैसा सरकारी असेल तर अट अजूनही लागू शकते, म्हणून कागदावर काय लिहिलंय ते बघा. कार्यक्रम संपवून परतलात तर त्याच वर्गात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

नकार येतील. मला पहिल्या वर्षी अकरा आले, त्यातले सात तर कधी आलेच नाहीत, नुसती शांतता. त्या हिवाळ्यात मी स्टेटमेंट परत उघडलं आणि लक्षात आलं, त्यातला प्रश्न माझ्या गाईडचा होता. दुसऱ्या वर्षी तो बदलला आणि नऊ अर्जांत दोन ठिकाणांहून होकार आले.

पायरी ९: पहिले काही आठवडे

दोन वर्षांच्या करारात पुढचे अर्ज रुजू झाल्यावर वर्षभरातच सुरू होतात. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी गटातल्या कुणाबरोबर तरी एक छोटं, संपणारं काम घ्या. तिथली पद्धत, तिथला क्लस्टर, तिथल्या लोकांची बोलण्याची रीत त्यातून कळते. दुपारचं जेवण डब्यासमोर एकट्याने करू नका, सगळ्यांबरोबर जा, भाषा अर्धी कळली तरी. ड्रेस्डेनमध्ये माझा सगळ्यात चांगला पेपर कॅन्टीनमध्ये रुमालावर काढलेल्या आकृतीतून सुरू झाला.

आणि पहिल्या सोमवारी ते एक पान घेऊन यजमान प्राध्यापकांकडे जा. त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातली कोणती ओळ तुम्ही खोडाल? मग पेन त्यांच्या हातात द्या.